पंचकिनचा पोपट आणि परळचा बंगला

कल्पनारम्य कादंबऱ्यांत आणि त्यांवर बेतलेल्या खेळांत एक खलनायक हमखास भेटतो. तो एके काळी माणूस होता, विद्येने थोर, मंत्रतंत्रात निष्णात. मरण जवळ येताना दिसलं तेव्हा त्याने स्वतःचा जीव देहातून काढला, एका डबीत बंद केला आणि ती डबी कुणाच्या हाती लागणार नाही अशा जागी लपवली. आता देह सडला, कवटी उघडी पडली, तरी तो मरत नाही. इंग्रजीत याला ‘लिच’ म्हणतात आणि त्याच्या डबीला ‘फिलॅक्टरी’. हॅरी पॉटरच्या वाचकांना हीच युक्ती व्होल्डेमॉर्टच्या हॉर्क्रक्समधून ठाऊक आहे. तिथे आत्म्याचे तुकडे करून ते निरनिराळ्या वस्तूंत ठेवलेले असतात.

या मांत्रिकाची वंशावळ सांगणारे बहुतेक लोक रशियन लोककथांतल्या कोश्चेईपाशी जाऊन थांबतात. माझं म्हणणं असं की ती वंशावळ मुंबईत, परळला येऊन पोचते. आज जिथे हाफकिन संस्था आहे, त्या बंगल्यातल्या एका आयेपर्यंत.

आधी ठाऊक असलेले टप्पे भराभर सांगतो. गॅरी गायगॅक्सचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली आला. त्याच्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत १९७५ साली लिच अवतरला, आणि १९७७ च्या राक्षसकोशात त्याच्याबरोबर फिलॅक्टरी आली. लिचची कल्पना गायगॅक्सने गार्डनर फॉक्सच्या १९६९ मधल्या एका कथेवरून घेतली. त्याआधी १९६७ मध्ये लॉइड अलेक्झांडरने आपल्या कादंबरीत मोर्डा नावाचा जादूगार आणला होता. त्याचा जीव त्याच्याच करंगळीच्या हाडात दडवलेला होता. ‘लिच’ हा प्रेतासाठीचा जुना इंग्रजी शब्द क्लार्क अ‍ॅश्टन स्मिथ १९३० च्या दशकातच आपल्या भयकथांत मुबलक वापरत होता. इथवर वाद नाही. वाद आहे तो त्यामागच्या प्रश्नाचा: जीव बाहेर काढून ठेवायची युक्ती या लेखकांच्या जगात आली कुठून?

माझ्यासाठी दार उघडलं ते जेम्स फ्रेझरच्या ‘द गोल्डन बाव’ या ग्रंथाच्या १९२२ च्या एकखंडी आवृत्तीने. देहाबाहेर ठेवलेल्या जिवाच्या लोककथांवर त्यात एक स्वतंत्र प्रकरण आहे. जगभरच्या कथा तिथे एकामागून एक येतात: ग्रीस, रशिया, नॉर्वे, स्कॉटलंड, मलाया. पण पहिली कथा कुठली? पंचकिन नावाच्या मांत्रिकाची. त्याने एका राणीला बारा वर्षं कैदेत ठेवलं आहे, तिच्याशी लग्न करायचं म्हणतो, ती नकार देते. शेवटी तिचा मुलगा तिला शोधत येतो. राणी मग गोड बोलून मांत्रिकाला विचारते, तू खरोखर अमर आहेस का? तो सांगून टाकतो: फार दूर एक ओसाड मुलूख आहे, त्यात घनदाट रान, रानाच्या मधोमध ताडांचं रिंगण, रिंगणात पाण्याने भरलेली सहा मडकी एकावर एक रचलेली, त्यांच्याखाली एक पिंजरा, पिंजऱ्यात एक लहानसा हिरवा पोपट. त्या पोपटाचा जीव तो माझा जीव.

मराठी घरात वाढलेल्याला हे सांगावं लागत नाही. राक्षसाचा प्राण सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असतो हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. पण फ्रेझरने ही कथा घेतली कुठून हे पाहिलं की आपण मुंबईत येतो.

मेरी फ्रीअर ही मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांची थोरली मुलगी. मुंबईच्या किल्ल्याचे तट ज्यांच्या कारकिर्दीत पाडले गेले, तेच हे फ्रीअर. त्या काळी गव्हर्नरांचं निवासस्थान परळला होतं. पुढे १८८२ मध्ये तिथे तेव्हाच्या गव्हर्नरांच्या पत्नी लेडी फर्ग्युसन पटकीने वारल्या, गव्हर्नरांनी तो बंगला सोडला, आणि १८९९ मध्ये हाफकिनची प्लेगची प्रयोगशाळा तिथे आली. १८६५-६६ च्या हिवाळ्यात गव्हर्नर फ्रीअर दक्षिण महाराष्ट्राच्या दौऱ्यावर निघाले. मेरी तेव्हा वीस वर्षांची, आई इंग्लंडला गेलेली, तळावर दुसरी गोरी बाई नाही. सोबतीला होती तिची आया, अ‍ॅना लिबेराटा डिसोझा. प्रवासातला वेळ जावा म्हणून मेरीने तिला गोष्टी सांगायला लावल्या आणि त्या लिहून घेतल्या. १८६८ मध्ये लंडनच्या जॉन मरे यांनी ‘ओल्ड डेक्कन डेज’ हे पुस्तक काढलं. वडिलांची प्रस्तावना, बहीण कॅथरीनची चित्रं, आणि पुस्तकात पहिलीच गोष्ट ‘पंचकिन’. भारतातल्या लोककथांच्या इंग्रजी संग्रहांत हा अगदी सुरुवातीच्या संग्रहांपैकी एक. १८८४ मध्ये एडवर्ड क्लॉडने लोकसाहित्याच्या नियतकालिकात एकट्या पंचकिनवर लेख लिहिला, १८९२ मध्ये जोसेफ जेकब्सने ती आपल्या भारतीय परीकथांत घेतली, आणि फ्रेझरने तिला प्रकरणाच्या तोंडाशी बसवलं.

आता माझा मूळ मुद्दा. आपल्याकडच्या अशा कथांत जीव लपवणारा कोण असतो? राक्षस किंवा राक्षसीण. लाल बिहारी डे यांच्या १८८३ मधल्या बंगाली संग्रहात राक्षसांचा जीव भुंग्यांत आहे. नॉर्वेच्या कथेत काळीज नसलेला दैत्य आहे. ती डेसेंटच्या इंग्रजी अनुवादात १८५९ मध्ये, म्हणजे पंचकिनच्याही आधी, छापून आली. पण दैत्य आणि राक्षस जन्मतःच निराळे प्राणी आहेत. त्यांचा जीव बाहेर असणं हा त्यांच्या जातीचा गुण. पंचकिन मात्र जादूगार आहे. विद्येच्या बळावर त्याने आपला जीव बाहेर ठेवला. लिचमध्ये नेमकं हेच आहे: माणूस, त्याची विद्या आणि मरणाला दिलेली हुलकावणी. फ्रेझर या कथांचा साचा सांगतो तेव्हा जीव लपवणाऱ्यांच्या यादीत मांत्रिकाचं नाव आधी घेतो, दैत्याचं नंतर. तो क्रम पंचकिनने लावून दिला, असं मी मानतो. आणि फ्रेझरचं पुस्तक भयकथा लिहिणाऱ्यांच्या टेबलावर होतं याचा पुरावा छापील आहे. एच. पी. लव्हक्राफ्टच्या १९२८ मधल्या सर्वांत गाजलेल्या कथेत त्याचं नाव येतं. क्लार्क अ‍ॅश्टन स्मिथ हा त्याच लव्हक्राफ्टचा पत्रमित्र, ती कथा ज्या मासिकात आली त्याच मासिकाचा लेखक.

कोश्चेईवाल्यांचा दावा बळकट आहे, तो टाळून चालणार नाही. कोश्चेई हाडकुळा, म्हातारा, जादू जाणणारा. त्याचं मरण सुईच्या टोकात, सुई अंड्यात, अंडं बदकात, बदक सशात. दिसण्यात तो लिचचा सख्खा आजोबा. शिवाय गायगॅक्सने १९७९ मध्ये आपल्या वाचनाची यादी दिली, तिथे अँड्र्यू लँगच्या परीकथांचा उल्लेख केला, आणि लँगच्या १८९० च्या ‘रेड फेअरी बुक’मध्ये कोश्चेईच्या मृत्यूची गोष्ट आहे. एवढं वाचून माणूस गप्प बसेल. पण ती गोष्ट उघडून पाहावी. लँगने घेतलेली आवृत्ती ‘मारिया मोरेव्हना’ या कथेची. तिच्यात अंडंही नाही, सुईही नाही. घोड्याची लाथ कोश्चेईला बसते, राजपुत्र सोट्याने त्याला संपवतो आणि जाळतो. म्हणजे लँग वाचून कोश्चेईचं नाव मिळेल, डबी मिळणार नाही. अंड्याची हकिकत राल्स्टनच्या रशियन संग्रहातून इंग्रजी वाचकांपर्यंत गेली ती १८७३ मध्ये, पंचकिननंतर पाच वर्षांनी. लिचला हाडं कोश्चेईने दिली असतील. जीव ठेवायची विद्या मात्र आधी पोचली ती अ‍ॅनाची.

दुसरा प्रतिस्पर्धी इजिप्त. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या पपायरसावर दोन भावांची गोष्ट आहे. धाकटा बाटा आपलं काळीज झाडाच्या शेंड्यावरच्या फुलात ठेवतो. झाड तोडलं की तो मरतो. वयाने ही सर्वांत जुनी. पण बाटा निरपराध आहे, छळलेला आहे. मरण चुकवण्याचा त्याचा डाव नाही.

तिसरा सर्वांत जवळचा: अरबी कथा आणि आपल्याकडे त्या सांगणारे दास्तानगो. ‘सहस्ररजनी’मधल्या सैफुल मुलूकच्या कथेत जिनचा जीव एका चिमणीत असतो, चिमणी डबीत, डबी पेटीत, पेटी पेट्यांच्या आत, आणि ते सगळं समुद्राच्या तळाशी. पंचकिनच्या रानाभोवती पहारा देणारेही जिनच आहेत; म्हणजे अ‍ॅनाच्या गोष्टीवर या परंपरेचं पाणी पडलं आहे हे उघड आहे. पण मालक बदलला आहे. अरबी कथेत जीव जिनचा. इथे जिन नुसते पहारेकरी, जीव माणसाचा.

मग हा माणूस अ‍ॅनाच्या गोष्टीत कसा आला? कुणी म्हणेल, मेरीने राक्षसाचा जादूगार केला असेल, विलायती वाचकाला समजावं म्हणून. हे मला पटत नाही, आणि कारण पुस्तकातच आहे. त्याच संग्रहात राक्षस भरपूर आहेत, आणि मेरीने त्यांना ‘राक्षस’च म्हटलं आहे, शब्द जसाच्या तसा ठेवला आहे. अ‍ॅनाने राक्षस म्हटलं असतं तर पंचकिनही राक्षसच राहिला असता. तेव्हा जादूगार अ‍ॅनाचा, किंवा ज्या आजीकडून तिने या गोष्टी ऐकल्या त्या आजीचा.

मराठी मुलखात मरण चुकवणाऱ्या माणसाची कल्पना नवी नव्हतीच. तापीकाठचा चांगदेव योगबळाने चौदाशे वर्षं जगला असं परंपरा सांगते. काळ आला की तो समाधी लावायचा, श्वास ब्रह्मांडी चढवायचा. काळ टळला की पुन्हा देहावर यायचा. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन तो ज्ञानेश्वरांना भेटायला निघाला, आणि शेवटी मुक्ताबाईचा शिष्य झाला. सिद्धीच्या गर्वाने मरण लांबवणारा विद्वान म्हणून तो लिचचा जवळचा नातलग वाटेल. पण चांगदेवाचा जीव त्याच्याच देहात राहतो. बाहेरची डबी तिथे नाही.

डबी शोधताना माझी नजर आधी गेली जीवखड्याकडे. चितेभोवती पाण्याचं मडकं घेऊन फिरताना ज्या खड्याने ते फोडतात, तो खडा टाकून देत नाहीत. दहाव्यापर्यंत जपतात, गेलेल्याचा जीव त्यात आहे असं मानून त्यावर तिलांजली देतात, पिंडाला कावळा शिवायची वाट पाहतात आणि मग खडा विसर्जित करतात. वाळकेश्वरच्या बाणगंगेवर हे आजही चालतं. वस्तूत जीव, आणि निकाल पक्ष्याच्या हाती! मडकीही आहेतच; पोपटावर रचलेली सहा मडकी म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातली उतरंड. दुवा इतका चपखल बसतो की मोह होतो. तरी मी तो सोडला, कारण त्यात अ‍ॅनाचं घर बसत नाही.

अ‍ॅनाने स्वतःची हकिकत मेरीला सांगितली होती आणि ती पुस्तकाच्या सुरुवातीला छापली आहे. तिच्या आजोबांचं घराणं लिंगायत, कालिकतकडचं. पुढे गोव्याजवळ येऊन राहिलं आणि तिथे ख्रिस्ती झालं. आजोबा इंग्रजांच्या फौजेत होते, १८१७ च्या खडकीच्या लढाईत होते. लिंगायत मृताला दहन करत नाहीत, पुरतात. चिता नाही, तिथे जीवखडाही नाही. पण लिंगायत घरात दुसरी एक गोष्ट असते, आणि माझा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे: इष्टलिंग.

लिंगायतांचे बसवेश्वर बाराव्या शतकातले. मंगळवेढ्याशी त्यांचं नाव जोडलेलं आहे, त्यामुळे हा धर्म मराठी मुलखाला परका नाही. लिंगायत माणूस इष्टलिंग डबीत ठेवून गळ्यात धारण करतो. तान्ह्या बाळालाही ते बांधायची रीत आहे. दीक्षेच्या वेळी गुरू शिष्याच्या मस्तकातलं चैतन्य काढून त्या लिंगात स्थापन करतो, अशी वीरशैव शिकवण आहे. ते अंगावेगळं करायचं नाही. माणूस गेला तरी त्याच्या तळहातावर लिंग ठेवूनच त्याला बसत्या स्थितीत समाधी देतात. माणसाचं चैतन्य, छोट्या डबीत, गळ्यात, जन्मापासून मरणापर्यंत. जीव बाहेरच्या वस्तूत असू शकतो, आणि तो राक्षसाचा नव्हे तर माणसाचा असू शकतो, ही कल्पना जिथे रोज अंगावर वागवली जाते असं घर दुसरं कुठलं?

साधनेतला पवित्र विचार आणि गोष्टीतला दुष्ट जादूगार यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. इष्टलिंग मरण चुकवण्यासाठी नसतं. ते माणसाला शिवाशी जोडतं. मी म्हणतो ते एवढंच की कल्पनेचा आकार तिथून आला. आणि त्याला पुस्तकात दुसरा आधार आहे. ‘सोदेवाबाई’ नावाची गोष्ट त्याच संग्रहात आहे. ही राजकन्या जन्मते तीच गळ्यात सोन्याचा हार घेऊन, आणि ज्योतिषी सांगतात की मुलीचा जीव त्या हारात आहे. तो दुसऱ्या कुणी घातला तर ही मरेल. पुढे हार चोरीला जातो. चोरणारीने तो गळ्यात घातला की सोदेवाबाई प्रेत होते, काढून ठेवला की जिवंत होते. थडग्यात असं अर्धं मरण, अर्धं जगणं जगत ती मुलाला जन्मही देते. राक्षस नाही, जादूगारही नाही. साधी माणसाची मुलगी, जन्मापासून गळ्यात जीव बांधलेली. एकाच बाईच्या तोंडून आलेल्या या दोन गोष्टी शेजारी ठेवा: एकीत विद्येने जीव लपवणारा माणूस, दुसरीत डोळ्यांदेखत मरून उठणारा देह. लिचचं सगळं सामान इथे आहे.

याविरुद्ध एक पुरावा मुंबईतच छापला गेला. स्टील आणि टेंपल यांचा पंजाबी कथासंग्रह १८८४ मध्ये भायखळ्याच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यातून निघाला. त्यात वांग्यातून निघालेली राजकन्या आहे, आणि तिचाही जीव नौलखा हारात आहे. पंजाबात लिंगायत कुठले? तेव्हा हाराची कल्पना फक्त एका पंथाची नाही, हे मान्य. पण पंजाबी राजकन्येचा हार डबीत आहे, डबी भुंग्यात, भुंगा माशात, मासा दूरच्या नदीत. तो राक्षसाच्या पोपटासारखाच लपवलेला आहे. सोदेवाबाईचा हार उघड्यावर, गळ्यात, जन्मापासून. हा फरक मला निर्णायक वाटतो.

फ्रेझरपासून गायगॅक्सपर्यंतची प्रत्येक कडी सही-शिक्क्यानिशी दाखवता येईल असं मी म्हणत नाही. कल्पना अशा प्रवास करत नाहीत. त्या एका वाचकाच्या डोक्यातून दुसऱ्याच्या लिखाणात झिरपतात, आणि झिरपण्याची दिशा इथे स्पष्ट आहे: परळ, लंडन, फ्रेझर, भयकथांची मासिकं, खेळ.

या प्रवासात एक गोष्ट मात्र गळाली, आणि तिच्यासाठी मी हे सारं लिहायला बसलो. आजचा लिच मारायचा असेल तर नायक त्याची डबी शोधतो: जुनी पोथी वाचून, नकाशा मिळवून, तलवार चालवून. अ‍ॅनाच्या गोष्टीत डबीचा पत्ता एका बाईच्या प्रश्नाने मिळतो. बारा वर्षं कैदेत असलेली आई मांत्रिकाला बोलतं करते, आणि मुलगा तेवढ्यावर जाऊन पोपट आणतो. पोपटाचा उजवा पंख उपटला की मांत्रिकाचा उजवा हात गळतो, डावा उपटला की डावा, आणि मान मुरगळताच सगळं संपतं.

प्रश्न विचारून गुपित काढून घेण्याचं हे कौशल्य या मातीत फार जुनं आहे. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त अंगारक नावाच्या असुराची मुलगी अंगारवती बापापुढे रडते: तुम्हाला कुणी मारलं तर माझं काय होईल? बाप हसून म्हणतो, माझा देह वज्राचा आहे. फक्त डाव्या हाताला एक मर्म आहे, तेही धनुष्याने झाकलेलं. राजा चंडमहासेन लपून हे ऐकत असतो. सोमदेव अकराव्या शतकातला काश्मिरी, पण त्याने संस्कृतात आणलेली ‘बृहत्कथा’ गुणाढ्याची, आणि परंपरा गुणाढ्याला नेऊन बसवते ती सातवाहनांच्या पैठणला. अंगारवतीच्या प्रश्नापासून पंचकिनच्या राणीच्या प्रश्नापर्यंत गोदेच्या खोऱ्याचा धागा धरता येतो.

आणि या गोष्टी सांगणाऱ्याही बायकाच होत्या. आजीने अ‍ॅनाला सांगितल्या, अ‍ॅनाने मेरीला. पुढे त्या पुरुषांच्या हाती गेल्या: क्लॉड, जेकब्स, फ्रेझर, मग मासिकवाले, मग खेळवाले. बाहेर ठेवलेला जीव टिकला, जादूगार अधिकाधिक भयंकर होत गेला, आणि खेळापर्यंत येता येता विचारणारी बाई गळाली. म्हणून लिचची कुळकथा लिहिताना फॉक्स आणि गायगॅक्स यांच्या वर, कोश्चेईच्या शेजारी, अ‍ॅना लिबेराटा डिसोझा हे नाव लिहावं, आणि त्याच्याही वर तिच्या आजीची जागा ठेवावी. दादर-परळची जी मुलं आज फासे टाकून लिचशी लढतात, त्यांनी एकदा तरी डबी शोधायला निघण्याआधी त्या मांत्रिकाला सरळ विचारून पाहावं. मूळ गोष्टीत तो सांगतो.